सहाशे चार नावं आणि एक सीडी

दत्ताराम घाडीशी बोलायचं तर त्याच्या समोर उभं राहावं लागे. मागून कितीही हाका मारल्या तरी तो वळत नसे. परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात चौदा वर्षं काढल्यावर कान जेवढे उरतात तेवढेच त्याचे उरले होते. तिथे शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडत. शेजारच्याचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर एकमेकांचे ओठ वाचत आणि बोटांनी बोलत. साचा नीट चालतोय की नाही हेही कानाने कळायचं नाही. त्याच्या अंगावर तळहात ठेवायचा, हाताला कळायचं.

ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा दत्ताराम बत्तीस वर्षांचा होता. संप कधी मिटला हे कुणी सांगितलं नाही आणि गिरणीने त्याला परत घेतलं नाही. त्याने काळाचौकीत रात्रपाळीची रखवाली केली, भायखळ्याहून भाजी आणून विकली. बायको बकुळा घरी मसाले कुटून देई, त्यावर मुलींच्या शाळा झाल्या. पंचाण्णव साली दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये त्याला शिपायाची नोकरी लागली. काम काय, तर मॉनिटर उचलायचे, फरशी पुसायची, चहा आणायचा. बिघडलेली मशीनं कोपऱ्यात उघडी पडलेली असत. दत्ताराम आधी बघत उभा राहायचा, मग स्क्रू काढून द्यायला लागला, मग बसवून द्यायला लागला. तिथल्या एका सरांनी त्याला एकच धडा दिला होता, "घाडी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की दोष कुठला ते देवालाही कळत नाही." दत्तारामने ते वहीत लिहून ठेवलं होतं. आठ वर्षांत त्याच्या हातून शे-दीडशे मशीनं नीट झाली आणि काळाचौकीत त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं टेबल लागलं.

दोन हजार तीनच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी तीन वाजता, लालबागची मालन त्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मालन म्हणजे गणपतची बायको. गणपत आणि दत्ताराम साचेखात्यात शेजारी शेजारी काम करत. गणपत जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर मालनने टायपिंगची परीक्षा दिली आणि चाळीच्या जिन्याखालच्या गाळ्यात कॉम्प्युटर टाकून अर्ज, लग्नाच्या पत्रिका छापून द्यायला सुरुवात केली.

"भावजी, माझं मशीन मेलं," ती म्हणाली. चालून चालून तिला धाप लागली होती. "आणि यादी त्याच्यातच आहे."

यादी म्हणजे काय ते दत्तारामला सांगावं लागलं नाही. त्यांच्या बंद गिरणीतल्या कामगारांची नावं घरांच्या मागणीसाठी सरकारी कचेरीत द्यायची होती. तीन महिने म्हातारे विणकर मालनच्या बाकावर येऊन बसत आणि आपलं नाव, गिरणीतलं खातं, हजेरीचा तिकीट नंबर, नोकरीची वर्षं सांगत. ती ऐकत जाई आणि टाईप करत जाई. सहाशे चार नावं झाली होती. कागदावर एकही नव्हतं. दसऱ्यानंतर एकदाच सुबक छापू, असं तिने ठरवलं होतं. आणि यादी द्यायची होती उद्या, मंगळवारी, अकरा वाजेपर्यंत. त्यातले निम्मे लोक सणासाठी कोकणात गेलेले. पुन्हा विचारायचं तरी कुणाला?

वाटेत तिने सगळं सांगितलं. सकाळी मशीन चालूच झालं नाही, विंडोजची कुठलीशी फाईल सापडत नाही म्हणालं. तिने एक मेकॅनिक बोलावला. त्याने तिच्याकडची विंडोजची सीडी घालून पुन्हा टाकायला घेतलं, तर छत्तीस टक्क्यांवर अडलं. तीनदा केलं, तीनदा अडलं. "हार्ड डिस्क गेली, ताई. फॉरमॅट मारून बघतो, नाहीतर नवी टाकू."

"मग?"

"मी म्हटलं, हात लावशील तर याद राख. तो गेला निघून."

दत्तारामने मान हलवली. "तीनदा छत्तीसवरच?"

"छत्तीसवरच."

"मग घाबरू नका, वहिनी. मरणारी वस्तू इतकी वक्तशीर नसते."

गाळ्यात मालनची सासू जाईबाई स्टुलावर बसली होती. पंचाहत्तर वर्षांची, एके काळची रीळखात्यातली कामगार. मशीनला झेंडूचा हार होता, वर तांदळाचे दाणे होते. दत्ताराम आत शिरताच ती म्हणाली, "आयलस? आता बघ ता काय करता ता. कालच पूजा केलंय, तरी आज रुसलाहा."

"बघतंय, काकी," म्हणत दत्तारामने बिस्किटांच्या डब्यातून आपल्या फ्लॉपी काढल्या.

त्याने मशीन फ्लॉपीवरून सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. विंडोजला हातही न लावता त्याने आधी यादीची फाईल शोधली आणि दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतली. मालन श्वास रोखून त्याच्या बोटांकडे बघत होती.

"उतरली," तो म्हणाला. "न अडखळता उतरली. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. नावं शाबूत आहेत आणि हार्ड डिस्क नीट वाचतेय."

मालन बाकावर बसलीच. मग लगेच उठली. "पण ही फाईल दुसरीकडे उघडत नाही, भावजी. मराठीचं सॉफ्टवेअर याच मशीनला बांधलेलं. मागे ते कुलूप लावलंय बघा, त्याच्याशिवाय नुसते चौकोन दिसतात."

"तुमचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतं?"

"नाही. विकणाऱ्यानेच सांगितलंय."

म्हणजे दत्तारामच्या पिशवीतली नवी विंडोजची सीडी टाकण्याच्या कामाची नव्हती. जुनीच हवी होती, आणि जुनी अडत होती. पण नवीचा दुसरा उपयोग होता. त्याने ती ड्राइव्हमध्ये घातली, एक मोठी फाईल हार्ड डिस्कवर उतरवायला सांगितलं आणि ड्राइव्हच्या पत्र्यावर तळहात ठेवला. आतली चकती एका लयीत फिरत राहिली. फाईल पूर्ण उतरली.

"ड्राइव्हही ठणठणीत आहे."

मग त्याने मालनची सीडी घातली, सेटअपच्या फाईली उतरवायला सांगितलं आणि पुन्हा हात ठेवला. चकतीने वेग घेतला, चार-पाच फाईली गेल्या, आणि मग हाताखाली ती अडखळली. थांबली, पुन्हा पळाली, पुन्हा अडखळली. पडद्यावर प्रश्न आला, वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का?

"आता राहिली एकच," म्हणत त्याने सीडी बाहेर काढली आणि दारात जाऊन उजेडात तिरकी धरली.

चकचकीत बाजूवर, मधल्या भोकापासून दोन बोटांवर, हळदीचं एक बोट उठलेलं होतं. त्याच्यावर कुंकवाचं. दोन्ही वाळून घट्ट बसलेली.

मालनने ते पाहिलं आणि हळूच सासूकडे वळली. "आई, तुम्ही सीडीची पूजा केलीत?"

"मग? तूच म्हटलंस, बटणांक कुंकू लावू नको, आत जाता. मगे मी ता ताट घेतलंय. आरशासारखा त्याचा तोंड, म्हणान तोंडाक लावलंय." जाईबाईचा आवाज हळूहळू बारीक झाला. "गिरणीत आम्ही मशीनच्या कपाळाकच लावू. चुकला काय?"

मालनचं तोंड उघडलं. दत्तारामला तिचे ओठ दिसले. पुढे येणारा शब्द बरा नव्हता. पण ती थांबली. गाळ्यातून पलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही हो आई. पुसलं की जाईल."

"काकी," दत्ताराम म्हणाला, "कपाळ दुसऱ्या बाजूक आसा. पुढल्या वर्षी थंयसर लावा."

त्याने वाटीत पाणी मागवलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला आणि धुवट मलमलचा तुकडा भिजवला. हळदीला साबण लागताच पिवळा डाग लालभडक झाला. जाईबाई स्टुलावरून अर्धी उठली. "अगो बाय माझे! रगात येता त्याका!"

"हळद ती, काकी. साबण लागलो की लाल होता. लुगड्यावर बघलास नाय कधी?"

तो भोकापासून कडेकडे सरळ पुसत होता, एकदाही गोल नाही. माहिती सीडीवर गोल गोल फेऱ्यांत लिहिलेली असते. सरळ ओरखडा पडला तर प्रत्येक फेरीतलं थोडंसंच जातं, बाकीच्यावरून मशीन ते भरून काढतं. गोल ओरखडा मात्र अख्खी फेरी खातो. हे तो मालनला सांगत होता, आणि सांगता सांगता थांबला. डाग निघाला होता, पण त्याच्या बाहेरच्या अंगाला कशाने तरी गोल पुसल्याच्या बारीक रेघा होत्या.

"सकाळच्या मेकॅनिकने पुसली होती?"

"शर्टाला घासली चांगली."

दत्तारामने सीडी कोरडी करून आत घातली. छत्तीस टक्क्यांची फाईल या वेळी सुरळीत गेली. मालनने टाळी वाजवली. पुढच्या अकरा फाईली गेल्या आणि बाराव्या फाईलीवर चकती पुन्हा अडखळली. रेघांची जागा आली होती.

पुन्हा प्रयत्न करू का? दत्तारामने बटण दाबलं. अडली. पुन्हा दाबलं. अडली. सहा वेळा, सात वेळा. पाच वाजून गेले होते.

"सोडून द्या ती फाईल, पुढची घ्या," मालन म्हणाली. तो पत्र्याकडे बघत होता, त्याला कळलं नाही. तिने त्याच्या समोर येऊन पुन्हा म्हटलं.

"एक सोडली तर विंडोज लंगडी उभी राहील. थांबा."

त्याने डोळे मिटले. हाताखाली फरक पडला होता. आधी ड्राइव्ह जोरात पळून आपटायचा, आता प्रत्येक खेपेला वेग थोडा कमी करत होता. आंधळा भिंत चाचपतो तसा. दत्ताराम बटण दाबत राहिला. नवव्या खेपेला चकती इतकी हळू झाली की बंद पडली असंच वाटावं. हाताखाली बारीक थरथर होती, ती तुटत नव्हती. तो हलला नाही. मालन त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, कारण पडद्यावर काहीच होत नव्हतं.

मग त्याचा चेहरा सैल झाला, आणि त्यानंतर क्षणभराने पडद्यावर पुढच्या फाईलीचं नाव उमटलं.

"गेली?"

"गेली."

बाकीच्या फाईली भराभर उतरल्या. आता सगळा सेटअप हार्ड डिस्कवर होता, सीडीची गरजच उरली नव्हती. दत्तारामने तो तिथूनच, जुन्या विंडोजच्या जागेवर चालवला. फॉरमॅट नाही, काही नाही. छत्तीस टक्के कधी गेले ते कुणी पाहिलंही नाही. मालन चहा करायला गेली होती.

साडेसहाला मराठीचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि यादी उघडली. पहिलं नाव होतं आडेलकर गुणाजी, साचेखातं. मालनने ते मोठ्याने वाचलं, मग दुसरं, मग तिसरं. जाईबाई प्रत्येक नावाला "हां" म्हणत होती, जणू हजेरी चालली होती. प्रिंटर करकरायला लागला तेव्हा मालन बाकावर बसली आणि पदराने तोंड पुसत हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

मंगळवारी दुपारी बारा वाजता ती काळाचौकीला आली. दत्ताराम एका मॉनिटरचं पोट उघडून बसला होता. ती टेबलाच्या पुढच्या बाजूला गेली आणि यादीची दुसरी प्रत त्याच्यासमोर धरली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कचेरीचा निळा शिक्का होता, थोडा वाकडा.

दत्तारामने आधी हात पुसले, मग कागद घेतले.

"सगळी पानं घेतली?"

"एकोणीसच्या एकोणीस. कारकुनाने मोजून घेतली. एक नाव दोनदा आलंय म्हणाला, ते खोडलं."

"म्हणजे सहाशे तीन."

"सहाशे तीन," मालन म्हणाली आणि त्याच्या टेबलाशेजारच्या खोक्यावर टेकली. "आज आता कामबिम काही नाही हां, भावजी. मी नुसती बसणार आहे."