ब्रेकसर शेवटून पहिले

गाडी शिकवणाऱ्या माणसाला लोक नुसतं 'सर' म्हणतात. आमच्या सरांना सगळे 'ब्रेकसर' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक असतो. तो अडीअडचणीला वापरायचा. सरांच्या हिशेबाने अडचण किल्ली फिरवल्याबरोबर सुरू व्हायची. पुढच्या चौकात कोणी नुसतं शिंकलं तरी गाडी जागच्या जागी थांबायची आणि सर शांतपणे म्हणायचे, "बघा, थोडक्यात वाचलो."

एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. ही गोष्ट ते अधूनमधून, म्हणजे रोज, सांगत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळतात. त्या म्हणायच्या, "गाडीला नाहीये हो ओरखडा. शिकणाऱ्यांच्या काळजाला विचारा." मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि गाडीही त्यांच्याकडेच शिकले, त्यामुळे माझ्या काळजाला कोणी विचारलं असतं तर मी साक्ष दिली असती.

मागच्या वर्षी सर बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि बल्बासकट खाली आले. उजव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू सांगायच्या, "स्टुलाला दुसरा ब्रेक नव्हता ना!"

पहिल्या चार दिवसांत सरांनी घर डोक्यावर घेतलं. काकूंनी दूध किती भरभर ओतावं, खिडकी कोणत्या हाताने लावावी, सगळं ते खुर्चीतून शिकवू लागले. पाचव्या दिवशी काकूंनी लेकीला फोन केला. "ये आणि तुझ्या बाबाला कशात तरी गुंतव. नाहीतर दुसराही पाय प्लास्टरमध्ये जाईल."

लेक आठवड्याची रजा काढून आली, ती आपला जुना गेम कन्सोल घेऊनच. तो टीव्हीला जोडला, कंट्रोलर बाबाच्या हातात दिला आणि बाबाचा स्वभाव ओळखून गेमही तसाच लावला. हुबेहूब खऱ्या शहरात गाडी चालवायची. सिग्नल पाळायचे, वळताना दिवा द्यायचा, रस्ता ओलांडणाऱ्याला वाट द्यायची. चुकलं की दंड. आम्हा सगळ्यांना वाटलं, माशाला पाणी मिळालं.

दोन दिवसांत सरांनी कंट्रोलर बाजूला ठेवला.

"का रे बाबा? तुला तर एकही दंड झाला नाही," लेक म्हणाली.

"हे माझं रोजचं कामच आहे. फक्त शेजारी बसून घाबरणारं माणूस नाही. मग मजा ती काय?"

सरांकडे शिकणाऱ्यांची एक वही असते. स्टिअरिंग, क्लच, आत्मविश्वास असे रकाने आणि शेवटी शेरा. करायला काही नव्हतं म्हणून सरांनी गेमचंच नाव त्या वहीत घातलं आणि शेरा लिहिला : 'शिस्त उत्तम. उत्साह नाही.'

मग लेकीने फोनवरचा एक गेम दिला. रंगीत गाड्या, वाजंत्री, आणि सर पहिल्याच शर्यतीत पहिले! दुसऱ्यात पहिले, तिसऱ्यात पहिले. प्रत्येक वेळी पडद्यावर चांदण्यांचा पाऊस आणि 'वा! कमाल!' चौथ्या शर्यतीत त्यांनी मुद्दाम डोळे मिटले. तरीही पहिले आले.

"हा मला लाडाने पास करतोय," सर संतापून म्हणाले. "असा शिक्षक नोकरीतून काढून टाकला पाहिजे." शेरा : 'खोटी स्तुती. परवाना देऊ नये.'

तिसरा गेम लेकीने जवळपास नाद सोडूनच लावला. डोंगरातली शर्यत. आठ गाड्या, नागमोडी रस्ता, एका बाजूला कडा, खाली तळं. सर पहिल्याच वळणावर सवयीने ब्रेक दाबत राहिले, सातही गाड्या पुढे निघून गेल्या. मग घाईघाईत त्यांनी ब्रेक सोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गाडी रस्ता सोडून हवेत गेली, दोन कोलांट्या मारून तळ्यात पडली. धप्प!

मी तेव्हा तिथेच होते, परत द्यायला आणलेली किसणी हातात धरून. सरांचा चेहरा पांढरा पडला. दोन सेकंदांत गाडी पुन्हा रस्त्यावर, त्याच वळणापाशी, कोरडी ठणठणीत. सर आधी तिच्याकडे बघत राहिले. मग जे हसू फुटलं, ते आत आंघोळीला गेलेल्या काकूंनीही ऐकलं. "काय झालं? काय पडलं?" काकू आतून ओरडल्या.

"मी पडलो!" सर आनंदाने ओरडले.

बघता बघता ते एकोणीस वेळा तळ्यात गेले.

"बाबा, तू शेवटचा आलास," लेक म्हणाली.

"आठवा आलो."

"आठच गाड्या आहेत."

"म्हणून काय झालं? सातवी गाडी माझ्या नाकासमोर होती. नुसता हात लांब केला असता तर लागली असती." आणि सरांनी पुन्हा बटण दाबलं.

एवढ्या गंभीर माणसाला एवढं काय आवडलं, हे मला कळेना. मी विचारलं, तर त्यांनी शिकवणीच्या आवाजातच सांगितलं. "पडलं की हा ओरडत नाही. उचलतो आणि जिथे चुकलं तिथेच ठेवतो. सुरुवातीला पाठवलं असतं ना, तर मी तिसऱ्याच वेळी बंद केला असता. आणि चूक माझीच असते, ते मला दिसतं. वळण उशिरा घेतलं की तळं. मागच्यापेक्षा जरा लवकर घेतलं की चाक काठावर. म्हणजे जमण्यासारखं असतं, पण जमलेलं नसतं. मग सोडवत नाही हो!"

"अजिबात जमत नसतं तर?"

"तर बंद केला असता. तो पहिला नंबर देणारा नाही का बंद केला, उलट्या कारणाने."

काकू केस पुसत बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मलाही तुम्हीच शिकवलीत गाडी. एकदा तरी म्हणालात का, चुकू दे, काही होत नाही?"

 सरांची गाडी तेवढ्यात विसाव्यांदा तळ्यात गेली, पण या वेळी ते हसले नाहीत.

लेक परत गेली, कन्सोल मात्र ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात सरांची तब्येत विचारायला दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या सरांच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. जुन्या म्हणजे परवान्याच्या परीक्षेत पाच वेळा नापास झालेल्या. लोकांच्या तोंडात गिरमिट फिरवताना त्यांचा हात तसूभर हलत नाही, पण स्टिअरिंग धरलं की कोपरापर्यंत कापतो. मागच्या परीक्षेत त्यांनी गाडी सुरूच केली नव्हती. परीक्षकाला म्हणाल्या, "आज नको."

"डॉक्टर, बसा," सर म्हणाले आणि दुसरा कंट्रोलर पुढे केला. "गाडी तळ्यात घाला."

"काय?"

"तळ्यात. मुद्दाम. जोरात."

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी 'प्लास्टर पायालाच आहे, डोक्याला नाही' अशा अर्थाची मान हलवली. मग बाईंनी भीतभीत गाडी कड्यावरून सोडली. धप्प. आणि त्या खुदकन हसल्या. पाच परीक्षांत कोणी त्यांचे दात पाहिले नव्हते, ते त्या दिवशी दिसले. तासाभराने त्या सहाव्या आल्या आणि सर आठवे.

"तुम्ही मला कट मारून पुढे गेलात," सर म्हणाले.

"सॉरी, सर."

"सॉरी काय? पुन्हा लावा!"

प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी बाई येत राहिल्या. त्यांनी तिसरा नंबर गाठला, सर एकदाच सातवे आले, आणि तेही एक गाडी तळ्यात गेली म्हणून. त्यांनी मला वर फोन करून ही बातमी दिली. मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

पाय बरा झाल्यावर सर डॉक्टरांना घेऊन खेळाच्या मैदानामागच्या मोकळ्या वाहनतळावर गेले. तिथे त्यांनी पुठ्ठ्याची रिकामी खोकी ओळीने मांडली, टीव्हीची, फ्रिजची, जी मिळाली ती. मग गाडीत बसून दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घातली. पन्नाशी उलटलेल्या, नुकत्याच जोडलेल्या घोट्याला ते सोपं नव्हतं.

"सर, तुमचा पाय ब्रेकवर नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. ते फ्रिजचं खोकं दिसतंय? त्याला धडका."

बाईंनी सांगितल्या सांगितल्या धडकवलं. सरांच्या तोंडून "आई गं!" निघालं, डोळे घट्ट मिटले, पण मांडी सुटली नाही. खोकं चपटं झालं. डॉक्टर उतरल्या, त्यांनी खोकं पुन्हा उभं केलं, आणि न सांगता गाडी मागे घेतली. दुसऱ्या वेळी खोक्याला नुसती टेकली. तिसऱ्या वेळी वळसा घालून गेली. त्या दिवशी एकूण अकरा खोकी कामी आली. शेवटच्या खोक्यात कोणीतरी मोडकं इस्त्रीचं टेबल टाकलेलं निघालं, आणि सरांच्या गाडीला एकतीस वर्षांतला पहिला ओरखडा पडला. सरांनी खाली वाकून त्यावरून बोट फिरवलं. डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला.

"छोटाच आहे," सर शेवटी म्हणाले. "चला, पुन्हा लावा."

सहाव्या परीक्षेला बाईंचा हात कापला, पण मनगटापर्यंतच. त्या पास झाल्या. कागद हातात आल्यावर त्या म्हणाल्या, "सर, घरी मी सोडते तुम्हाला. माझ्या भावाच्या गाडीतून." भाऊ बाहेरच वाट बघत होता, तो पुढे शेजारी बसला आणि सरांना मागची सीट मिळाली. एवढ्या वर्षांत ते चालत्या गाडीत मागे कधी बसले नव्हते. आधी त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. पहिल्या सिग्नलला एक हात सोडला. दुसऱ्या चौकानंतर काही आवाज येईना म्हणून डॉक्टरांनी आरशात पाहिलं, तर सर तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

इमारतीखाली गाडी थांबली तरी ते उठेनात. काकूंनी खिडकीवर टकटक केली, तेव्हा दचकून जागे झाले आणि म्हणाले, "वळण जरा उशिरा घेतलंत, डॉक्टर."

"कोणतं वळण, सर?"

सरांनी बाहेर पाहिलं, घर ओळखलं आणि दार उघडलं. "एकूण बरं होतं," ते म्हणाले. "रविवारी या. या वेळी मी सातवा येणार आहे."