गुरुजींचा कूलर अन् पडणारं बटन

दिग्रसमध्ये आमचं रिपेरिंगचं दुकान हाये. मी अन् रफिकभाई, दोघं पार्टनर. उन्हाळा लागला की दुकानात इतके कूलर जमतात की बसायले स्टूल सापडत नाही. लोक कूलर घेऊन जातात, किस्सा मात्र इथंच टाकून जातात. ठेवावे तरी कुठी बाप्पा!

त्यातले अर्धे किस्से एकट्या सेफ्टी स्विचचे. घरात कुठी करंट गळून राह्यला असला, तं हे बटन आपोआप खाली पडते अन् लाइट बंद करते. माणूस चिपकू नये म्हून. पण लोकायले वाटते, बटनच बिघडलं!

*

एक भाऊ आले. खिशातून रुमाल काढला अन् रुमालातून ते बटनच काढून काउंटरवर ठेवलं!

"हे खराब हाये. याले काढल्यापासून घरातली समदी वस्तू मस्त चालू हाये."

रफिकभाईनं चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, चोर आला म्हून कुत्रं भुकलं, अन् तुम्ही कुत्र्यालेच उचलून आणलं?"

भाऊनं बटन आमच्याकडे सरकवलं. मंग म्हणाले, "तं मंग याले दोन दिवस इथंच राहू द्या. घरी जरा शांतता हाये!"

*

एका बाईंचा फोन आला, बटन सारखं पडते म्हून. रफिकभाईनं नीट समजावलं, "दीदी, घरातले समदे प्लग काढा. बटन वर करा. मंग एकेक प्लग लावत जा. जो लावल्यावर पडन, तो गुन्हेगार!"

तासाभरानं बाईंचा फोन. आवाजात इतका आनंद! "भाऊ, समदे प्लग काढले. आता बटन बिलकुल पडत नाही. तुमचे लय उपकार झाले!"

अन् फोन ठेवला. त्या बाईंनी नंतर प्लग लावले का नाही, देवाले माहीत.

*

पण आमचं डोकं खरं फिरवलं ते जाधव गुरुजीच्या कूलरनं.

गुरुजी तांड्यावरच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांची पोरगी सुनीता बाळंतपणाले माहेरी आलती. पंधरा दिवसाचं बाळ, पत्र्याची खोली अन् मे महिना. कूलर लावला की बटन पडे, अन् कूलरसंगं पंखाही बंद! बाळ रडून रडून लालबुंद होऊन जाये. गुरुजी मले हात जोडून म्हणाले, "उत्तमराव, काहीही करा, पण आज कूलर चालू झाला पाह्यजे."

आम्ही कूलर ऑटोत टाकून दुकानात आणला. चार तास चालवला. एकदम झकास! गुरुजीच्या घरी नेला, लावला. खट्! बटन खाली.

परत दुकानात आणला. झकास! परत घरी नेला. खट्!

तिसऱ्या खेपेले गुरुजी वैतागले. "हा तुमच्यासमोर शहाणा होते. आमच्या शाळेतली पोरं अशीच होती, साहेब तपासणीले आले की हाताची घडी तोंडावर बोट!"

मलेही काही सुचेना. वायर बदलली, मोटर खोलून पाह्यली, काहून होऊन राह्यलं काही समजेना. रफिकभाई तं चहाचा कप हातात धरून नुसते भिंतीकडे पाहत बसले. अन् एकदम ओरडले, "उत्तम! अरे, आपल्या दुकानात ते बटन हायेच कुठी?"

मी बोर्डाकडे पाह्यलं. खरंच नव्हतं! गावभर लोकायच्या घरी आम्ही बटन बसवलं, अन् स्वतःच्या दुकानात बसवायचं राहून गेलतं. तीन दिवस आम्ही त्या कूलरले विनाकारण ऑटोत फिरवलं. लाजेनं मान वर होईना माझी.

*

मंग आम्ही कूलर गुरुजीच्या घरीच ठेवून तपासायले बसलो. तिथं बाळ पाहायले पाहुणे येऊन राह्यलते. जो येई तो बाळाले पाही, अन् मंग कूलरले पाही. जाता जाता दोघांबद्दल एकेक सल्ला देऊन जाये.

एक मावशी म्हणाल्या, "कूलरले नजर लागली." त्यायनं कूलरच्या जाळीले लिंबू-मिरची बांधली. अन् काय सांगू, कूलर तासभर मस्त चालला! मावशीनं आमच्याकडे असं पाह्यलं की मले वाटलं, आता दुकानाचा बोर्ड उतरवूनच टाकावा.

तेवढ्यात गुरुजीच्या घरच्या, कमलकाकू, पाण्याची बादली घेऊन आल्या. टाकीत पाणी पडलं, आतला पंप बुडाला अन् खट्!

"पाहा, टाकी कोरडी होती!" रफिकभाईनं मांडीवर थाप मारली. "लिंबाचं काही नाही. पंपातून पाण्यात करंट गळून राह्यला!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग पंपालेही एक लिंबू बांधा."

*

तसा पंप दिग्रसमध्ये भेटला नाही. यवतमाळवरून यायले चार-पाच दिवस लागणार होते. आम्ही गुरुजीले बजावलं, तवरीक पंपाची पिन काढून ठेवा, नुसता कूलरचा पंखा चालवा. गुरुजी म्हणाले, "उत्तमराव, ते तं भट्टीची हवा अंगावर घेणं झालं. बाळाचं काय?" मले लय वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी पंप आला. आम्ही दोघं घेऊन गेलो तं काय, कूलर मस्त चालू! वाळ्याचा गारेगार वास, बाळ गाढ झोपलेलं, सुनीताच्याही डोळ्याले डोळा लागलेला.

गुरुजी ऐटीत म्हणाले, "तुम्ही इतक्या चकरा मारल्या. माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं दोन मिनिटांत केलं! तीन दिवस झाले, पंपाची पिन लावली अन् बटनाले बाजूले ठेवून सरळ तार जोडून देली त्यानं. दहावीत विज्ञानात पैला होता!"

रफिकभाईचा चेहराच उतरला. त्यायनं खिशातला टेस्टर काढला अन् कूलरच्या पत्र्याले लावला. टेस्टर लख्ख पेटला.

तेवढ्यात काकू आतून पाण्याची बादली घेऊन आल्या. बाळंतिणीची खोली, म्हून पायात चप्पल नाही. खाली फरशी ओली.

"काकू, थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाळ उठलं. रफिकभाईनं झेप घेऊन प्लग ओढला. कूलर बंद झाला अन् बाळानं भोकाड पसरलं.

गुरुजी भडकले. "हे काय केलं? माझ्या नातवाले भाजून काढता का?"

रफिकभाईनं काढलेला प्लग गुरुजीसमोर धरला. "गुरुजी, नातवाचं मंग पाहू. या पत्र्यात करंट हाये. काकूले तुम्ही आज घालवून बसले असते!"

गुरुजी चटकन काकूजवळ गेले. काकूनं बादली हळूच खाली ठेवली, आपल्या हाताकडे पाह्यलं अन् म्हणाल्या,

"तरीच म्हणलं! तीन दिवस झाले, पाणी टाकताना हाताले झिणझिण्या येतात म्हून मी ह्यायले सांगून राह्यली. हे म्हणाले, तुझी शुगर वाढली असन. दवाखान्यात नेऊन गोळ्या चालू करून देल्या. आता त्या बंद करू, का चालू ठेवू?"