नोटेची किनार

अमेरिकेत, रेडमंडच्या लायब्ररीत दर शनिवारी एक जपानी आजोबा ठसे छापून दाखवायचे. त्यांच्याकडे एकच लाकडी ठसा होता, पणजोबांनी कोरलेला. त्यावर जपानातल्या एका जुन्या संस्थानाच्या नोटेची नुसती किनार होती. ते ब्रशने शाई लावायचे, वर कागद ठेवून घासायचे आणि तो उचलताना दर वेळी श्वास रोखायचे. मधली जागा कोरीच निघायची.

“नक्कल होऊ नये म्हणून एकेका कारागिराला एकेक भागच देत,” ते एकदा म्हणाले. “मग संस्थान खालसा झालं, नोटा बंद पडल्या. पणजोबांना दुसरं काही येत नव्हतं. तरी रोज सकाळी हत्यारांना धार लावायचे.”

“धार लावून मग?” मी विचारलं.

“पुसून ठेवून द्यायचे. मरेपर्यंत.”

त्याच आठवड्यात माझा जॉब गेला होता. बारा वर्षं मी एका मोठ्या सॉफ्टवेअरचा एक कोपरा सांभाळत होतो. तो आता लागत नाही, कंपनीवाले म्हणाले.

अजून कुठूनही कॉल नाही. मी रोज नऊला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप उघडतो. बायको चहा ठेवते आणि मी मीटिंगमध्ये असल्यासारखं, आवाज न करता दार ओढून घेते.