कॅसेटला लावलेलं गंध

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. होती ती फक्त बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. तिच्यातही वडील एकाच जागी. लग्नभर ते मांडवामागे आचाऱ्याच्या भट्टीपाशी, आणि कन्यादानाच्या वेळी नेमकी लाइट गेलेली. व्हिडिओवाल्याच्या तावडीत सापडले ते थेट पाठवणीला, ढसाढसा रडताना.

ती कॅसेट आम्ही एकदाच पाहिली, जिंतूरला बहिणीच्या सासरी. रडणारे वडील पडद्यावर आले आणि शेजारी बसलेले खरे वडील ओरडले, "बंद करा ते. लोकं हसायलेत." तिथंच बंद केली. कॅसेट तशीच आमच्या घरी पिंगळीला आली आणि कोनाड्यात बसली. पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी माय म्हणाली, "एकडाव त्येंचं तोंड दाखव रे. मला नीट आठवंना झालंय."

मला धड फ्यूज बांधता येत नाही. पण मायला नाही कसं म्हणणार? परभणीहून भाड्याचा व्हीसीआर पॅसेंजरनं आणला, रस्ताभर मांडीवर घेऊन. टीव्ही शेजारच्या काकांचा, अँटिनासकट आमच्याकडं आणलेला. दुकानदारानं दिलेला एक सिनेमा आधी लावून पाहिला. चित्र लख्ख आलं आणि माझी छाती फुगली. माय डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं येऊन बसली, जणू पाहुणे यायचे होते.

मग आमची कॅसेट घातली. बँड वाजला, बायकांचा गलका ऐकू आला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. काका म्हणाले, "अँटिना फिरव." व्हीसीआरचा आणि अँटिनाचा काडीचा संबंध नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी पत्र्यावर चढलो. उन्हानं पत्रा तापलेला, पाय पोळले, खाली मुंग्या त्या मुंग्याच. काकांनी टीव्हीला दोन चापटा मारल्या. त्यानंही काही झालं नाही.

शेवटी कॅसेट होती तिथवर मागं घेऊन बाहेर काढली, कडेची कळ दाबून झाकण उचललं. आतल्या काळ्या पट्टीवर केशरी गंधाची वाळलेली खपली होती, थरावर थर.

"हे कुणी केलं?"

"म्या," माय म्हणाली. "दर आमुशाला लावते. फोटू न्हाई, मग गंध लावू कुठं? वरून लावलं तर डब्यालाच लागायलंय. म्हणून झाकण उघडून लावलं."

माझं डोकंच फिरलं. अडाणी म्हणालो, वाटोळं केलंस म्हणालो, चारचौघांत नको नको ते बोललो. माय मांडीवरच्या हातांकडं पाहत राहिली. कॅसेट जिथं थांबली होती तिथंच वर्षभर गंध लागत होतं. म्हणजे बरोब्बर वडिलांवर. तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्यावर ओरडल्याची लाज मला आजही वाटते.

दुकानदारानं मशीन पुसायला थोडं स्पिरिट दिलं होतं. ते कापसावर घेऊन मी पट्टी पुसायला लागलो. गंध निघेना. मी जोर लावला. एव्हाना हट्टालाच पेटलो होतो. हळूहळू केशरी रंग गेला, मग कापूस काळा व्हायला लागला आणि मी खुळ्यासारखा मळ निघतोय म्हणून आणखी घासत राहिलो. पट्टी उजेडात धरली तेव्हा कळलं. तेवढ्या तुकड्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

तरी मशीन पुसून, कॅसेट थोडी मागं घेऊन लावून पाहिली. मांडवातली माणसं आली, बहीण आली, तिच्या मैत्रिणी आल्या. मग पडदा पांढरा झाला. पुन्हा चित्र आलं तेव्हा बहिणीला सासरी नेणारी जीप निघून गेली होती.

काका चप्पल शोधायला लागले. मायनं मशीनकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या काळ्या बोळ्याकडं.

"आता ह्यात हायती का रे ते?" तिनं विचारलं.

तिनं हात पुढं केला. मी बोळा तिच्या तळव्यावर ठेवला.