विकायला घेतलेली तमिळ

तमिळ आम्ही निवडली ती बाजार बघून. भाषेची ओढ वगैरे काही नव्हती.

ऑफिसात माझा एक मित्र आहे, गिरगावातला कॅथलिक. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं घर तिथल्याच एका वाडीत. मराठी माझ्याहून चुरचुरीत बोलतो. त्याला वेबसाइटची नावं घेऊन ठेवायचा नाद होता. एखादं चांगलं नाव आधी आपल्या नावावर करायचं, दरवर्षी त्याचं थोडं भाडं भरत राहायचं, आणि ज्याला ते खरंच हवंय तो कधीतरी शोधत येईल म्हणून वाट बघायची. इंग्रजीतली बरी नावं कधीच संपली होती. पण आता असं नाव अरबी, बंगाली, थाई, देवनागरी, कुठल्याही लिपीत घेता येतं आणि तिथे अजून जागा मोकळी आहे, असं त्याचं म्हणणं.

"गिरण्या बंद पडल्या तेव्हा तुमच्या डिलाईल रोडला कोणी जागा घेऊन ठेवली असती तर? तसंच आहे हे," तो म्हणाला.

माझं लहानपण डिलाईल रोडच्या चाळीत गेलं. आजूबाजूला टॉवर उठले तेव्हा आम्ही गॅलरीत उभे राहून मजले मोजत होतो. सगळ्यांचं झालं, आपण नुसते बघत राहिलो, ही माझी जुनी टोचणी. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

मग जेवणाच्या सुट्टीत डबे उघडे ठेवून आम्ही भाषा निवडायला बसायचो. चिनी नको, सोनं म्हणून घ्यायला जाऊ आणि भलताच शब्द गळ्यात पडेल. अरबी तपासून द्यायला ओळखीचं कोणी नव्हतं. बंगालीत मित्राने आधीच एकदा चुकीच्या स्पेलिंगचा शब्द घेऊन हात पोळून घेतले होते. हिंदीतले कामाचे शब्द इतरांनी उचललेले. तमिळ मात्र दोघांनाही पटली. ती माणसं आपली भाषा आपल्याच लिपीत लिहितात, अभिमानाने लिहितात, आणि सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरलीत.

"आणि तुझी मराठी?" मित्राने विचारलं.

"सोड रे," मी म्हणालो. "मराठीत पत्ता कोण टाइप करणार? आपले लोक 'काय करतोस' हेसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहितात. देवनागरी हवी असली तर हिंदी आहेच."

"बघ बाबा. भाषा तुझी आहे," तो म्हणाला आणि डबा बंद केला.

तमिळ तपासून द्यायला माणूस होता. आम्ही आता हिंदमाताच्या मागच्या बाजूला, दादर पूर्वेला राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर मामी राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना मामीच म्हणते. लग्न करून त्या तमिळनाडूतून दादरला आल्या, बँकेत ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या, नवरा गेला, मुलगी पुण्याला. जुनी इमारत पाडून नवी झाली तेव्हा बाकीची तमिळ कुटुंबं पैसे घेऊन ठाण्या-मुलुंडला गेली, मामी तेवढ्या राहिल्या. मराठी त्या अगदी स्वच्छ बोलतात, एखाद्या ठिकाणी 'ळ' जरा जास्त जड पडतो एवढंच.

मी गेलो आणि म्हणालो, "मामी, मला तमिळ शिकायचंय."

खरं सांगायला काय हरकत होती? धंद्यासाठी शब्द हवेत म्हटलं असतं तरी त्यांनी दिले असते. पण मला वाटलं, मग त्या हजार प्रश्न विचारतील. शिकायचंय म्हणणं सोपं होतं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच कळायला हवं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी ताटात तांदूळ पसरून ठेवले होते. माझं बोट धरलं आणि पहिलं अक्षर तांदळात गिरवून घेतलं, लहान मुलांना श्रीगणेशा शिकवतात तसं. मी पंचेचाळिशीचा माणूस, आणि माझं लक्ष खिशातल्या फोनकडे. मित्राचे मेसेज येत होते: सोनं विचार. घर विचार.

मी विचारत गेलो. सोनं म्हणजे तंगम. घर, वीडु. कर्ज, कडन. लग्नाला कल्याणमही म्हणतात आणि तिरुमणमही; मामी दोहोंतला फरक समजावत बसल्या आणि मी मनात दोन्हींचा भाव करत होतो. त्या मध्येच म्हणायच्या, "हे राहू दे, आधी बोलायला शीक. जेवलात का, कसं विचारायचं? सापटींगळा?" मी मान डोलवायचो. तो शब्द विकण्यासारखा नव्हता.

दार उघडताना त्या नेहमी म्हणायच्या, "वांग, वांग." म्हणजे या, या. एकदा फोनवरच्या कोशात बघताना कळलं की 'विकत घ्यायला' यालाही वांगच म्हणतात. मी उठून खाली गेलो.

"मामी, वीडु वांग म्हणजे घर विकत घ्यायला. बरोबर?"

त्यांनी टाळी वाजवली. "अरे, तुला शब्दाला शब्द जोडता यायला लागला! मी सांगितलंसुद्धा नव्हतं." त्यांनी मला बसवून कॉफी केली, मुलीला पुण्याला फोन लावला आणि माझ्यादेखत माझं कौतुक केलं. कॉफी पिऊन मी वर आलो आणि ते नाव घेऊन टाकलं.

नवरात्र आलं. मामींकडे दरवर्षी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, गोलू म्हणतात त्याला. बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात, उसळीचा प्रसाद असतो. माझी बायको नेहमी जाते. या वेळी मामी वर येऊन म्हणाल्या, "तूही ये. त्रिचीहून माझी मोठी बहीण आलीये. तिला सांगितलंय, माझा एक विद्यार्थी आहे."

मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

खोलीत मामींचे माटुंग्याचे चार-पाच नातेवाईक होते. मोठ्या बहिणीला सगळे अक्का म्हणत होते. वय बरंच, खुर्चीत ताठ बसलेल्या, नाकात दोन्हीकडे चमकी. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदीही नाही. मामींनी मला पुढे केलं. अक्कांनी हसून हात जोडले आणि विचारलं, "सापटींगळा?"

मी बघतच राहिलो. शब्द ओळखीचा वाटत होता, पण अर्थ काही केल्या आठवेना. सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात बायको हळूच कानाशी म्हणाली, "जेवलास का विचारतायत." मामी तिला जिन्यात भेटल्या की रोज हेच विचारतात. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मी "हो, हो" म्हणालो. मराठीतच.

अक्कांना वाटलं, मी बुजलो. त्या प्रेमाने काहीतरी म्हणाल्या. मामींनी सांगितलं, "ती म्हणते, तुला येतं ते काहीही बोल. चुकलं तरी चालेल. घरच्यांबद्दल सांग."

घरच्यांबद्दल. आई, बायको, मुलगी, यातला एकही शब्द माझ्याकडे नव्हता. मी तोंड उघडलं आणि जे होतं ते बाहेर आलं. "तंगम," मी म्हणालो. "वीडु वांग. कडन." मग थांबलो. आणि आणखी काहीच नाही म्हणून, "मरुत्तुवर." म्हणजे डॉक्टर.

कोपऱ्यातला एक भाचेजावई मोठ्याने हसला. "सर, प्रॉपर्टीत आहात की फायनान्समध्ये?"

दोघे-तिघे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मामींना काहीतरी विचारलं आणि मामी पटकन काहीतरी बोलल्या. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घरात चांगला बोलतो. लोकांत लाजतो." आणि त्यांनी उसळीची वाटी माझ्या हातात दिली. देताना माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यासाठी त्यांना खोटं बोलावं लागलं होतं. वाटी तशीच धरून मी उभा राहिलो.

वर आल्यावर बायकोने विचारलं, "तू इतके महिने काय शिकत होतास?" मी सगळं सांगितलं. ती लालबागची. चिडली की तिच्या तोंडी माहेरची मालवणी येते. "लाज नाय वाटली तुका?" एवढंच म्हणाली आणि कुंकवाचं पाकीट देवापाशी ठेवायला गेली.

दसरा झाला, अक्का परत गेल्या, आणि मी खाली गेलो. मामी पायऱ्यांवरच्या बाहुल्या जुन्या साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून खोक्यात भरत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. नावं घेऊन ठेवतो, पुढे विकायची असतात, म्हणून तमिळ.

त्या गुंडाळत राहिल्या. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "हा आई कधीच का विचारत नाही? पहिल्या दिवशी लोक तेच विचारतात. पाणी, आई, जेवण. म्हटलं, असेल एकेकाची पद्धत."

आणि मग मी जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. म्हणालो, "मामी, एखादं विकलं गेलं तर त्यातला तुमचा हिस्सा..."

त्यांचा हात थांबला. "शिकवणीची फी?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

त्यांनी हातातली बाहुली खोक्यात ठेवली, वर कापडाची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात, चौकशी करावी तसं विचारलं, "मराठीत किती घेतलीस?"

"एकही नाही."

"का?"

मित्राला ऑफिसात हसत सांगितलेलं उत्तर तोंडापर्यंत आलं. समोर बसलेल्या बाईने या शहरात येऊन, बँकेच्या खिडकीवर, भाजीवाल्यापाशी, हिंदमाताला साडीचा भाव करताना ती भाषा एकेका शब्दाने मिळवली होती. रोज मराठी पेपर वाचत होती. तिच्यासमोर मी म्हणालो, "मराठीत मागणी नाही."

मामींनी मान हलवली, जणू मी बाजारातला एखादा भाव सांगितला. "हो का," म्हणाल्या. "ते दार ओढून घे जाताना. बाहुल्यांवर धूळ येते."

मित्राला मी म्हणालो, माझ्याच्याने आता होणार नाही. तो म्हणाला, "अरे, एवढं काय? तिला एक डबा मिठाई नेऊन दे." मी नेली नाही. पुढे एकेका नावाची मुदत संपल्याची मेल येत गेली आणि मी ती जाऊ दिली. घर विकत घ्यायचं ते नाव सुटल्यावर लगेच दुसऱ्या कोणीतरी घेतलं. मित्र हळहळला. मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

मामी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. पुढच्या गणपतीला त्या वर आल्या, आरतीला उभ्या राहिल्या, मोदक आवडला म्हणाल्या. बायकोशी जिन्यात उभ्या राहून त्यांच्या मराठीत गप्पा चालतात, कधी मुलीच्या तब्येतीच्या, कधी बिल्डिंगच्या सेक्रेटरीच्या कागाळ्या. दोघी हसतात ते मला आत ऐकू येतं. मी दार उघडून बाहेर आलो की मामी माझ्याकडे वळतात आणि इंग्रजीत बोलतात. ऑफिस कसं चाललंय, ट्रॅफिक होता का. बँकेतल्या कस्टमरशी बोलत असतील तसं, नीट, व्यवस्थित.

"तू मराठीत बोल ना तिच्याशी," बायको म्हणते. "ती काय तोंड फिरवून जाणार आहे?"

परवा सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या. मी ठरवलं होतं, आज बोलायचं. "गुड मॉर्निंग," मामी म्हणाल्या. लिफ्ट खाली येईपर्यंत मी वाक्य जुळवत होतो. तळमजल्यावर दार उघडलं, त्या पुढे झाल्या, आणि त्यांच्या पाठीकडे बघत मी म्हणालो, "हॅव अ नाइस डे, मामी."