बँकेच्या कामांसाठी कॉम्प्युटर

विर्पी तोस्सावाइनेनला एकच वाईट खोड होती, आणि आमच्या गावात ती खोड चोरीमारीपेक्षा वाईट समजतात. ती लोकांना प्रश्न विचारायची.

आमचं पिएक्सामाकी म्हणजे फिनलंडमधलं रेल्वेचं गाव. इथे बसथांब्यावर दोन माणसं उभी असली, तर मधून बर्फ काढायचा ट्रॅक्टर जाईल एवढं अंतर ठेवून उभी राहतात. शेजाऱ्याच्या दारात रुग्णवाहिका आली, तर आम्ही पडद्याआडून बघू, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी तोच शेजारी जिन्यात भेटला, तर 'गारठा वाढलाय' यापलीकडे तोंडातून शब्द काढणार नाही. आणि ही बाई, माणूस दुकानात शिरून टोपी काढतो न काढतो तोच विचारायची, "यावर तुम्ही करणार काय?"

तिचा तरी काय इलाज! धंदाच तसला. टेलिफोन कंपनीनं गावातलं ऑफिस बंद केलं, विर्पीची नोकरी गेली, आणि चाळिशीच्या तोंडावर ही बया स्क्रूड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटर असेंबल करायला बसली. स्टेशनच्या रस्त्यावर पूर्वी लोकरीचं दुकान होतं, ती जागा तिनं घेतली. लोकरीचे गुंडे ठेवायचे चौकोनी कप्पे तसेच राहू दिले. 'बाळांसाठी मऊ' असं लिहिलेल्या कप्प्यात आता पंखे होते आणि 'मोज्यांसाठी' म्हणून जो कप्पा होता, त्यात मेमरीच्या पट्ट्या.

गावाबाहेरच्या सुपरमार्केटात, टायर आणि मासे धरायचे गळ यांच्या मधोमध, तयार कॉम्प्युटर मांडलेले असतात. खोका उचला, पैसे द्या, चालू लागा. तिथे कोणी काही विचारत नाही. म्हणून तर आमच्या लोकांना ते बरं वाटतं.

"ते म्हणजे कॅन्टीनचं ताट," विर्पी सांगायची. "बीट खाता का, हे कोणी विचारत नाही. बीट ताटात असतंच आणि त्याचे पैसे तुमच्याच खिशातून जातात. माझ्याकडे बीट नको तर नको, तेवढ्याचा मासा जास्त घ्या. पण मासा आवडतो की बटाटा, एवढं तरी सांगाल की नाही?"

कोण सांगतंय! सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, 'बँकेची कामं.' आख्खं गाव जणू दिवसरात्र बँकेचीच कामं करत होतं. पण विर्पीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. छताकडे बघत 'बँक' म्हणणारा पत्ते खेळतो, खिडकीकडे बघत म्हणणारी जुनी नाती शोधते, आणि बुटांकडे बघत म्हणाला तर पुढे विचारू नये, इतपत तिला कळायला लागलं होतं.

ऑक्टोबर संपत आला होता, रस्त्यावर बर्फाचा नुसता चिखल झाला होता, तेव्हा ताइस्तो असिकाइनेन दुकानात आला. इंजिन ड्रायव्हर होता, आता निवृत्त, तोही वेळेच्या आधीच. घोंगडीत गुंडाळलेला नवाकोरा कॉम्प्युटर त्यानं तान्ह्या मुलासारखा काउंटरवर ठेवला.

"थांबतो," तो म्हणाला.

"कोण थांबतो?"

"हा. चित्र थांबतं. क्षणभर, आणि मग चालू होतं."

"काय करताना?"

ताइस्तोनं बुटांकडे बघितलं. "बँकेची कामं."

विर्पीनं वेलदोड्याचा बन त्याच्यापुढे सरकवला, कॉफी ओतली आणि वाट बघत राहिली. कॉफीपुढे आमच्याकडे भल्याभल्यांची तोंडं उघडतात.

"बर्फ पडताना जास्त," ताइस्तो कपात बघत म्हणाला.

"बँकेत बर्फ पडतो?"

त्याचे कान लालबुंद झाले. विर्पीनं जीभ चावली, पण आता तिला राहवणार थोडंच!

तिनं डबा उघडून बघितला. डबा चकचकीत, पुढे निळा दिवा, भलीमोठी डिस्क, पण मंद. मेमरी जेमतेम. आणि चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड? ते नावालासुद्धा वेगळं नव्हतं. "बीटच बीट," ती म्हणाली. "मासा नाहीच. परत करा हा, मुदत आहे अजून. आलेले पैसे घेऊन इकडे या."

"सहाशे युरो. त्याच्या वर एक सेंट नाही. बायकोला पुन्हा मागू शकत नाही मी."

"सहाशेत होईल. बाहेरचा डबा जुना, शाळेनं मोडीत काढलेला, करडा नि कुरूप. चालेल?"

"काळा असला काय नि करडा असला काय! थांबायला नको." मग हळूच म्हणाला, "हाही थांबला तर मी सोडून देणार, विर्पी. परत हात लावणार नाही. एवढं एकदाच."

हे म्हणताना त्यानं पुढ्यातला बन कुस्करून त्याचा बशीत चुरा केला. बँकेच्या कामासाठी कोणी बन कुस्करतं का?

आठवड्यानं पैसे घेऊन आला तेव्हा त्यानं दारातूनच विचारलं, "लांबचं दिसेल ना? आठशे मीटरवरचं?"

"दिसेल. पण आठशे मीटरवर आहे तरी काय?"

"काही नाही," ताइस्तो म्हणाला आणि गेलासुद्धा.

विर्पीचं पोट फुगायची वेळ आली. शिकार असेल का? बर्फात, जंगलात, लांबवर उभं असलेलं एल्क हरीण? पण शिकारीचं कोण लपवतं? आमच्याकडे माणूस लग्नाची तारीख विसरेल, पण मारलेल्या एल्कची शिंगं दिवाणखान्यात लावायला विसरणार नाही. जुन्या डब्यात स्क्रू पिळता पिळता ती स्वतःशीच पैज लावत होती आणि हरत होती.

मग एक दिवस इर्या आली, ताइस्तोची बायको. लोकरीची टोपी काढली नाही, कॉफी नको म्हणाली. आमच्याकडे कॉफी नको म्हणणं म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

"विर्पी, खरं सांग. काय करतो गं तो?"

"बँकेची कामं म्हणतात."

"डोंबलाची बँक! चाळीस वर्षं बँकेचं मी बघते. त्याला स्वतःच्या खात्याचा आकडा माहीत नाही. आतल्या खोलीत बसायचा, मी गेले की बंद करायचा. तोंड पांढरंफटक." इर्याचा आवाज बारीक झाला. "जुगार असेल का? नाहीतर बाई असेल. बाई आहे का गं?"

"अहो, बाई असती तर आठशे मीटरवरून कशाला बघितली असती?"

इर्याला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. शेवटी ती स्टुलावर बसली. मन मोकळं करायचं नव्हतंच तिला, पण एकदा बसल्यावर गाडी सुरू झाली. माणूस बोलतच नाही, म्हणाली. बहिणीकडे कुओपिओला जायचं तर ही आगगाडीनं जाते आणि तो मोटारीनं येतो, वेगळा. "आयुष्यभर इंजिनात बसला नि आता डब्यात पाय ठेवत नाही. मोटारीनं येतो तोसुद्धा लांबचा वळसा घालून. मला भीती वाटते विर्पी, एक दिवस हा त्या खोलीतून बाहेरच येणार नाही."

ती गेल्यावर विर्पी हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून उभी राहिली. बर्फ. लांबचं दिसायला हवं. थांबायला नको. इंजिन ड्रायव्हर. अगं बाई! हा माणूस घरात बसून आगगाडी चालवतो!

तिला इतकं हसू आलं की पंख्यांच्या कप्प्याला धरून हसली. तसले खेळ असतात, रूळ, सिग्नल, स्टेशनं, सगळं हुबेहूब. म्हाताऱ्याला इंजिनाची आठवण येते आणि बायकोपुढे लाज वाटते, एवढंच ते! आता पैसे कुठे घालायचे हे तिला कळलं. गाडी पळते तसतसं पुढचं जंगल, घरं, फाटकं आतून भराभर यावी लागतात, तिथेच मंद डिस्कचं घोडं अडतं. तिनं छोटी पण चपळ डिस्क बसवली, मेमरी दुप्पट केली, ग्राफिक्स कार्ड एका हौशी माणसानं वापरून विकलेलं घेतलं. वीजपुरवठ्याचा डबा मात्र नवा, तिथे ती काटकसर करत नसे. सहाशेत बसलं.

"इथेच चालवून बघा," तिनं ताइस्तोला फोनवर सांगितलं. "थांबला तर पैसे परत."

तो शनिवारी दुपारी आला, दुकान बंद व्हायच्या सुमाराला. बाहेर अंधारून आलं होतं. दुकानात चिटपाखरू नाही हे बघून त्यानं खिशातून खेळाची तबकडी काढली आणि विर्पीकडे न बघता तिच्या हातात दिली.

"अहो, यात लाजायचं काय?" विर्पी म्हणाली. "कोळी सुट्टीतसुद्धा गळ टाकून बसतोच की!"

ताइस्तो हसला नाही. अंगातला कोट तसाच ठेवून खुर्चीत बसला. पडद्यावर आमचीच लाइन होती. उत्तरेकडच्या कोणा वेड्यानं फुकट, हौसेनं, एकेक सिग्नल जागच्या जागी बसवून केलेली. ताइस्तोनं हवामानात बर्फ निवडला, महिना फेब्रुवारी केला. एका छोट्या स्टेशनात इंजिन उभं राहिलं. पण तो ते हलवेना.

"पुढे हापाकांगासचं फाटक आहे," तो म्हणाला.

विर्पी गप्प बसली. तिच्यासारखीला हे किती जड गेलं असेल, ते गावाला विचारा.

"दिवस असाच होता. असाच बर्फ. रुळांत एक व्हॅन अडकली होती. दिसली त्या क्षणी ब्रेक लावले, होते नव्हते तेवढे सगळे. आगगाडी आठशे मीटरात थांबत नाही गं." त्यानं नाक पुसलं. "आत एक माणूस होता. उतरला नाही. का उतरला नाही, कोण जाणे."

तो अपघात विर्पीला आठवत होता, गावात सगळ्यांनाच आठवत होता. पण ड्रायव्हरचं नाव पेपरात येत नाही, आणि रेल्वेच्या गावात 'कोण होता रे इंजिनावर' असं कोणी विचारत नाही. तिच्या हसण्याची तिलाच लाज वाटली.

मागे दाराची घंटा वाजली. इर्या होती. नवऱ्याच्या मागे मागे आली होती, बाई कोण ते बघायला. पडद्यावरचा बर्फ बघून ती दारातच थबकली. ताइस्तोनं मान वळवली नाही. त्याला ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे.

"मला एकदा त्या फाटकातून पलीकडे जायचंय," तो म्हणाला. "रिकाम्या फाटकातून. पण त्या आधीच्या कॉम्प्युटरवर दर वेळी बरोब्बर तिथेच चित्र थांबायचं. फाटक समोर, बर्फ हवेत लटकलेला, आणि मी बघतोय. त्या दिवशी मला थांबायचं होतं, तर गाडी थांबेना. आता मला जायचंय, तर हे थांबतं."

विर्पीची नजर करड्या डब्याकडे गेली. ते वापरलेलं कार्ड! दोन दिवस चालवून बघितलं होतं तिनं, पण या लाइनवर नाही, या बर्फात नाही. दहा युरो वाचवायला आपण नको तिथे हात तर आखडला नाही ना? आयुष्यात तिनं देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मात्र लोकरीच्या कप्प्यांकडे बघून तिनं मनातल्या मनात हात जोडले.

ताइस्तोनं इंजिन सोडलं.

बर्फ समोरून येत होता. झाडं मागे पडत होती. लांबवर फाटकाचा लाल दिवा लुकलुकू लागला, तेव्हा त्याचे दोन्ही हात ब्रेकच्या कळीकडे गेले. तिथेच राहिले, पण त्यानं कळ दाबली नाही. शिट्टी दिली. लांब, पुन्हा लांब. फाटकाचा दांडा खाली होता, रस्ता रिकामा होता. दांडा मोठा होत आला, अगदी जवळ आला, बाजूला गेला, आणि मागे राहिला.

चित्र थांबलं नाही. बर्फ पडतच होता, गाडी चालतच होती.

विर्पी रडत होती आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही. ताइस्तो मात्र समोर बघून गाडी हाकत होता, कारण पुढे सिग्नल होता आणि सिग्नल तो कसा सोडणार! इर्यानं लोकरवालीचं जुनं स्टूल ओढत आणलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"मला सांगायचंस की रे," ती म्हणाली.

"काय सांगू? म्हातारा खेळण्यातली गाडी चालवतो?"

"मला वाटलं, बाई आहे."

आता मात्र त्यानं तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला आणि मग एकदम खो खो हसत सुटला, इतका की सिग्नल चुकता चुकता राहिला. इर्यानं त्याचा कोट काढायला सुरुवात केली, एका बाहीतून हात, मग दुसऱ्या. गाडीवरचा हात त्यानं एका वेळी एकच काढून दिला.

विर्पीच्या ओठांवर प्रश्न होता. व्हॅनमधला माणूस कोण होता, त्याच्या घरचं कोण आहे, लांबचा वळसा त्या फाटकापायीच का. तिनं तो गिळला. तिच्या जन्मातला तो बहुधा पहिलाच.

"कोणी विचारलं तर काय सांगू," डोळे पुसत तिनं एवढंच विचारलं, "कशासाठी बनवून घेतला म्हणून?"

"बँकेची कामं," इर्या म्हणाली. पडद्यावरची नजर तिनं काढली नाही. "पुढचं स्टेशन किती लांब आहे रे?"

"बस तू," ताइस्तो म्हणाला. "नेतो."