वच्छलाकाकूंची न ऐकणारी माशी

आमच्या कृषी कॉलेजच्या कीटक विभागात नमुन्यांच्या काचेच्या नळ्या साठतात तसे किस्सेही साठतात. नळीवर निदान चिठ्ठी असते, किश्श्यावर तीही नसते. पण वच्छलाकाकूंचे किस्से मला चिठ्ठीशिवाय ओळखू येतात.

*

काकूंचं शेत संग्रामपूरकडे. फवारणीचं औषध त्या स्वतः कालवतात. कपाशीवरची पांढरी माशी मरायची, वांग्यावरची काही केल्या मरेना. त्यांचे दीर गावभर सांगत सुटले, की वहिनी औषधात पाणी जास्त घालते. काकूंना ते फार लागलं होतं.

"माप माह्यं एकच हाय," त्या आमच्या विभागाच्या सरांना म्हणाल्या. "माशाच दोन जातीच्या हायेत."

सरांनी भिंगाखाली पाहिलं. दोन्ही अगदी सारख्या. पण काकूंचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना. म्हणाले, डीएनए तपासू.

*

माशी पकडायला आमच्याकडे रबरी नळी असते. एक टोक तोंडात धरायचं, दुसऱ्या टोकानं माशी बाटलीत ओढायची. मध्ये जाळी असते, म्हणून पोटात जात नाही. मी वांग्याच्या पानाखाली तोंड घालून बसलो होतो, तेवढ्यात दीर बांधावर आले.

"काऊन हो साहेब, कॉलेजात नाश्ता नाही भेटत काय?"

*

पहिल्या खेपेला चिठ्ठ्या मी बॉलपेननं लिहिल्या. माश्या ठेवायच्या काचेच्या नळ्यांत स्पिरिट, आणि चिठ्ठ्याही त्यातच बुडवलेल्या. आठ दिवसांत शाई विरघळून सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या! सर काय बोलले ते इथं सांगत नाही.

परत शेतात गेलो, या वेळी पेन्सिल घेऊन. काकूंनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. कपाशीच्या चिठ्ठीवर लिहिलं 'आयकते', वांग्याच्या चिठ्ठीवर 'आयकत नाही'. मीही घाईत नळ्या तशाच तपासणीला पाठवल्या.

चार दिवसांनी पुण्याच्या लॅबमधून एका बाईंचा फोन. अगदी शुद्ध भाषेत त्यांनी विचारलं, "'आयकत नाही' हे गाव कोणत्या तालुक्यात येतं?"

*

रिपोर्ट आला. दिसायला एक, पण जाती दोन. वांग्यावरची वेगळीच निघाली, आणि तिला ते औषध फारसं लागतच नाही, असं सरांनी शेतात उभं राहून, दिरांच्या देखत समजावून सांगितलं.

दीर खाली बघत म्हणाले, "चुकलं वहिनी."

काकूंचे डोळे भरून आले. पदरानं तोंड पुसून त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि सरांना विचारलं,

"दोनच? भेंडीवरची तुम्ही घेतलीच नाही. ते उडते अलग."

सरांनी माझ्याकडे हात केला. "पेन्सिल दे."